फौजदारबाईंनी खोडलेली ओळ

आमच्या ब्राउझरच्या टीममध्ये त्यांना सगळे फौजदारबाई म्हणतात, कारण त्यांचा कशावरच विश्वास नसतो. एक पान उघडलं की ब्राउझर बंद पडायचा. नल पॉइंटर! म्हणजे कोड पानावरच्या ज्या चौकटीकडे बोट दाखवतोय, ती जागेवरच नाही. मी ओळ टाकली, ‘चौकट नसेल तर पुढे जा’, आणि बंद पडणं थांबलं.

बाईंनी ती ओळच खोडली. “बोंब बंद केलीस. चोर कुठाय?”

संध्याकाळपर्यंत त्यांनी चोर पकडला. चौकट पडद्यावर रंगवून होण्याआधीच पानासोबत आलेला छोटा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट, ती चौकट काढून टाकत होता. रंगवून होईपर्यंत चौकट धरून ठेवायची, एवढीच दुरुस्ती बाईंनी केली.

“झालं समाधान?” मी चिडून विचारलं.

“या पानापुरतं. तुझ्या तसल्या ओळी अजून किती आहेत?”

मी पाण्याची बाटली तोंडाला लावली. सतरा होत्या.