हे कवाचं हाये?

समोर काहीही आलं, की भुवया उचलून तो पहिला प्रश्न हाच विचारायचा, "हे कवाचं हाये?" मग तो कँटीनचा आलुबोंडा असो, प्राचार्यांचं परिपत्रक असो, नाहीतर कुणाचं लग्न मोडल्याची बातमी असो. कँटीनवाला चिडायचा. "खा ना बाप्पा, आत्ताच काढला!" तरी हा बोट लावून बघायचाच.

तुमच्याही कार्यालयात असा एक असेल, ज्याला सगळे किरकिऱ्या म्हणतात आणि संगणक अडला की त्यालाच हाक मारतात. अमरावतीच्या आमच्या महाविद्यालयात तो संगणकांचं बघायचा, मी ग्रंथपाल. त्याचा डबा माझ्या ग्रंथालयाच्या कोपऱ्यात, वर्तमानपत्रांच्या स्टँडखाली ठेवलेला असायचा, म्हणून आमची ओळख.

डबा म्हणजे प्रॉक्सी नावाचा संगणक. आमच्या विद्यार्थ्यांना प्रॉक्सी ठाऊक ती फक्त हजेरीतली. मला ही दुसरी त्यानेच समजावली. "पाहा ताई. नांदगाव खंडेश्वरच्या शाखेत एका पोरीनं वेबसाइटचं पान मांगलं. तिथला डबा आधी आपल्या पोटात पाह्यते. हाये? देऊन टाकलं. नाई? मंग आपल्या डब्याले इचारते. आपल्याजवळबी नाई, तं आपला अकोल्याले इचारते. बाहीर जाते तो एकटा अकोलेवाला. अन् पान वापस येता येता हरेक जण त्याची एक कापी ठेवून घेते."

"बरंय की. वेळ वाचतो," मी म्हणाले.

"वाचते. पण कापी ठेवणाऱ्यानं कवातरी वर इचारलं पायजे ना, हे अजून ताजं हाये का म्हणून!"

अकोल्याला आमच्या संस्थेचं मुख्य कार्यालय. तिथल्या साहेबांनी लाइनवरचा ताण वाचवायला हुकूम काढला होता: आलेलं पान सात दिवस ठेवायचं आणि मध्ये कुणालाही न विचारता तेच वाटायचं. चित्रांचं एक वेळ ठीक, पण सूचनांची पानं तरी यातून वगळा, असा अर्ज त्याने योग्य मार्गे पाठवला. उत्तर आलं, 'नोंद घेतली आहे.' त्याने दुसरा अर्ज पाठवला, तर पहिल्याच उत्तराची झेरॉक्स आली. वरची तारीखसुद्धा बदललेली नव्हती.

पुढचं सांगताना आजही माझं डोकं तापतं. नर्सिंगच्या प्रवेशासाठी कागदपत्रं घेऊन येण्याचा दिवस शनिवार होता. संस्थेने तो सोमवारी बदलून गुरुवार केला, आणि तेही फक्त वेबसाइटवर. मंगळवारी दुपारी याला फोनवर कळलं. माझ्यासमोर त्याने आपला डबा रिकामा केला, नांदगावचाही इथूनच रिकामा केला आणि पान उघडलं. शनिवारच! आलेल्या प्रत्येक उत्तराच्या माथ्यावर, आपल्याला न दिसणाऱ्या ओळींत, ते कुणाच्या डब्यातून आलं आणि किती जुनं आहे हे लिहिलेलं असतं. त्या ओळी त्याने छापून काढल्या. अकोल्याचा डबा, पाच दिवसांचं शिळं पान. अकोल्याला फोन केला, तर साहेब जेवायला गेलेले. नांदगावला केला, तर तिथल्या बाई म्हणाल्या, एक मुलगी सकाळीच सूचना पाहून आपल्या खेड्यावर परत गेली, आणि तिचा फोन नंबर कुणी घेतलेला नाही.

ती शनिवारी आली. बापासोबत, पहिल्या एसटीने, कागदांची पिशवी छातीशी धरून. तिची जागा गुरुवारीच दुसऱ्या कुणाला देऊन टाकली होती. "पण मी पाह्यलं होतं ना सर, शनिवारच लिवेल होतं," एवढंच ती म्हणत राहिली. नीट वाचायचं असतं, असं खिडकीतला कारकून तिला सुनावू लागला. तेव्हा हा बाहेर आला आणि अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा ओरडला, "पोरगी खोटं नाई बोलून राहिली! खोटं आपला डबा बोलून राहिला!"

"जाऊ द्या साहेब," बाप म्हणाला, "आमचंच चुकलं असंन." त्या माणसाने शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

चौकशी बसली. अकोल्याच्या साहेबांची नव्हे, याची! ठपका असा की अमरावतीचा डबा वेळेवर साफ केला नाही. त्याने छापलेला कागद पुढे ठेवला. "असं इंग्रजीत कुणीही टाइप करील," अध्यक्ष म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "त्यांनी तुमच्यासमोर साफ केला का हो?"

मला कायम करण्याची फाइल तेव्हा अकोल्यातच होती. मी म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही, सर."

बाहेर आल्यावर त्याने तो कागद माझ्या टेबलावर ठेवला. "तुमाले कळते, ताई," तो म्हणाला. "लय चांगलं कळते." त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. त्याला पातूरच्या शाखेत भांडारावर टाकलं, जिथे एकही संगणक नव्हता. मी कायम झाले. त्या मुलीचं नाव मी दरवर्षी नव्या याद्यांत शोधते. अजून सापडलेलं नाही.

गेल्या आठवड्यात तो वारला. शोकसभेला आम्हा सगळ्यांना अकोल्याला बोलावलं. तेच साहेब, आता सचिव झालेले, ठराव वाचत होते. "सत्तावीस वर्षं रसायनशास्त्राचं अध्यापन करून ज्यांनी पिढ्या घडवल्या..." तो मागच्या वर्षी गेलेल्या प्राध्यापकांचा ठराव होता. नाव तेवढं बदललं होतं. एवढं मोठं सभागृह भरलेलं, पण एकाचीही मान वर झाली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी उठून उभी राहिले. "हे कवाचं हाये?"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "ताई, बसा. दोन मिनिटं मौन पाळायचंय."

"मी पाच वर्षं पाळलं, सर," मी म्हणाले आणि पर्समधून तो कागद काढला. "डबा त्यांनी साफ केला होता. मंगळवारी दुपारी. माझ्यासमोर."