शैलेंद्ररावांची मास्टर्स

शैलेंद्र म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, राधिकेचा नवरा. माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही.

सिंगापूरला वन-नॉर्थ भागात आयटीत चांगली नोकरी, नोकरीपुरता राहायचा एम्प्लॉयमेंट पास, पीआरचा म्हणजे कायमच्या वास्तव्याचा अर्ज टाकलेला. राधिका त्याच्या पासवर आलेली, पण तोआ पायोहच्या एका बालवाडीत शिकवायला लागली होती आणि इथे आल्यापासून पहिल्यांदाच खुशीत होती. पीआर मिळाला की फ्लॅट घ्यायचा, मग मूल, एवढंच तिच्या मनात होतं. उत्तराची वाट पाहायची, बस्स. तेवढंही या माणसाला जमलं नाही.

दोन हजार पाचच्या गणपतीत आरतीनंतर पद्माकरकाकांनी त्याला बाजूला घेतलं. काका बँकेतले, जुने पीआर. प्रसादाबरोबर सल्ले वाटायची त्यांना खोड. म्हणाले, "नुसत्या नोकरीवर काय होतंय? इथली मास्टर्स घे, पीआर तुझ्या मागे धावत येईल." आपल्या लोकांना डिग्री म्हटलं की पुढचं काही ऐकूच येत नाही. इमिग्रेशनच्या काउंटरवर जाऊन एकदा विचारावं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. काकांना विचारलं होतं ना, झालं तर मग.

बायकोला न सांगता त्याने राजीनामा दिला आणि पूर्णवेळ कोर्सला नाव घातलं. नोकरी सुटली तसा पास रद्द झाला. त्या पासच्या आधारावरचा राधिकेचा पास गेला, बालवाडी गेली. नोकरीच्या जोरावर केलेला पीआरचा अर्जही बारगळला. त्याला स्टुडंट पास मिळाला, पण त्यावर बायकोला ठेवता येत नाही. "थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे, ताई," असं वर मलाच समजावत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राधिकेने बॅग भरली आणि ती पुण्याला गेली.

पुढच्या गणपतीला स्वारी पुन्हा हजर, बुकित बातोकच्या भाड्याच्या खोलीतून, एकटीच. मी मोदकांचं ताट घेऊन गेले तर काकांना विचारत होता, "मास्टर्सनंतर पीएचडी केली तर जास्त वजन पडेल का?" आणि काका खरोखर विचार करत होते.

मी दोघांच्या मध्ये ताट ठेवलं. म्हटलं, "शैलेंद्रराव, हवं तेवढं शिका. राधिकेला पुण्यात शाळेत नोकरी लागली. तुम्हाला पीआर मिळाला तरी ती आता परत येणार नाही."

तो काकांच्या तोंडाकडे बघायला लागला.