माझा उंट, तिचा उंट

भर मासळीबाजारात एका सिनेमाचा शेवट सांगून टाकणारी बाई मूर्ख असते, आणि ती बाई मी होते. तेव्हा मी नुकतीच आजी झाले होते, हातात नवा मोबाईल होता आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं, अशी माझी पक्की समजूत होती.

भाईंदर पश्चिमेच्या बाजारातल्या आमच्या कोळीण मावशीइतकं मन लावून खोटं सांगणारं माणूस मी जन्मात दुसरं पाहिलं नाही. सुनेच्या मोबाईलवर तिने एक तुर्की विनोदी सिनेमा पाहिला होता. राजेरजवाड्यांच्या काळातला, तिकडच्या कुठल्याशा लोककथेवरचा. भाषेचं ओ की ठो कळलं नव्हतं. तरी मासे साफ करता करता ती तो आम्हाला सांगायची. सुलतानाने एका गावकऱ्याला फर्मावलंय, माझ्या उंटाला हसव, नाहीतर मुंडकं उडवीन. सिनेमा दीड तासाचा. गणपती गेले, दिवाळी आली, तरी हिचं मध्यंतर होईना. कधी उंटाला उत्तनच्या हळदीत नाचवलं, कधी सुकट खायला घातली, एकदा तर सुलतानाची अख्खी फौज वरसाव्याच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकवली. मुंडकं उडायची वेळ आली की तिची कोयती हवेत थांबायची.

"हसला का उंट?"

"न्हाय गो. उद्या ये."

साहजिकच आमच्याकडे रोज मासे. शेजारच्या इमारतीतल्या गुजराती बेन तर मासे खातही नसत. नाकाला रुमाल लावून नुसत्या ऐकायला उभ्या राहत.

मला कुठला धीर? मी तो सिनेमा शोधला, खालची इंग्रजी अक्षरं वाचत पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मावशी, काहीही काय सांगताय! उंट हसतच नाही. सुलतानच हसतो आणि गावकरी सुटतो."

मावशीने माझे बांगडे तसेच, न कापता पिशवीत टाकले. बेन रुमालाआडून म्हणाल्या, "क्यूं बोल दिया? अब मैं इधर किसलिए आऊं?" आणि खरंच आल्या नाहीत. हळूहळू बाकीच्याही मासे घेऊन मुकाट चालू लागल्या. आठवडाभर त्या कोपऱ्यात फक्त कोयतीचा आवाज.

शेवटी मीच बेनना हाताला धरून घेऊन गेले. "चुकलं माझं, मावशी. सांगा ना पुढचं."

आता त्या कोपऱ्यात मावशीची सून बसते. मासे झटपट कापून देते, एक शब्द बोलत नाही. मी मात्र तिथे उगाच रेंगाळते. मी चूक कबूल केली त्या दिवशी मावशीने टोपली सरकवून बेनना उभं राहायला जागा केली, हात पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुजा उंट न्हाय हसला गो बाय. माजा अजून वाटेवर हाय."