माझी हात

अमेरिकेतल्या त्या क्लबाने आमच्या डावऱ्याला फसवले. आधी एवढे लिहितो, मग बाकीचे.

डावरा म्हणजे माझा भाचा. जन्म इथला, इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सचा. क्रिकेटवेड्या घरात हा एकटाच बेसबॉलच्या नादी लागला. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. त्याचा चेंडू दिसायचा नाही, पलीकडच्या ग्लव्हमध्ये आपटला की ऐकू यायचा. जेवायला मात्र उजवा हात. "डावा ऑफिसचा आहे, मामा. घरी त्याला सुट्टी."

ताईने जिवाचे रान केले तरी त्याचे मराठी सुधारले नाही. "माझी हात बघा, मामा."

"माझा रे, माझा!"

"तुमचा कसा? माझी आहे!" म्हणून खदखदून हसायचा.

इथे त्याचा खेळ कौन्सिलच्या मैदानावर, रविवारी. बघायला ताई, मी आणि कुत्री फिरवणारे लोक. अमेरिकेहून बोलावणे आले तेव्हा करार मी वाचला. जुन्या गाड्या विकून मी उभा राहिलो. घासाघीस केल्याशिवाय सही करत नाही. तिकीट, घर, दातांचा डॉक्टरसुद्धा पदरात पाडून घेतला.

तिथल्या तिसऱ्या मोसमात त्याचा फोन आला. "मामा, माझी हात मेली."

"मेला म्हण. आणि हात मरत नाही, दुखतो. शेक घे."

"दुखत पण नाही. मेली. कोचला सांगितलं. तो म्हणतो, उद्या टाक."

"मग टाक की. त्याला खेळातलं जास्त कळतं."

त्याने टाकला. आणखी तीन आठवडे टाकत राहिला. मग खांद्यात काहीतरी तुटले आणि क्लबाने त्याला घरी पाठवले. इथल्या सर्जनने मला समजावले, 'डेड आर्म', म्हणजे हातातला जोर जाणे, खांदा तुटायच्या आधीची खूण, हा पिचर लोकांचा नेहमीचा शब्द आहे. पोराने तोच मराठीत आणून माझ्यापुढे ठेवला होता, आणि मी त्याचे व्याकरण तपासत बसलो.

आता तो इथल्याच रीडिंग शहरात सॉफ्टवेअरमध्ये आहे. भीमजयंतीच्या हॉलमध्ये "जय भीम" म्हणताना सगळ्यांत उंच जायचा तो त्याचा डावा हात. यंदा उजवा वर गेला. मी बघतोय हे त्याने पाहिले. "माझा हात रिटायर झाला, मामा."

माझा म्हणाला. पहिल्यांदाच बरोबर.

मला तो शब्द कळला नाही, हा माझा गुन्हा, तो मी कबूल केला. कोचसाहेब, तुमचा तर तो रोजचा शब्द. तुम्हाला कळला होता. मग दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात चेंडू का दिलात? मला नका सांगू. इथे या, त्याच्यासमोर बसा आणि त्याला सांगा.