बाबांचा ‘भंगार’ कम्प्युटर

विनूदादा, ही पोस्ट तुला टॅग केली आहे. टॅग काढलास तर पुन्हा करेन.

आज बाबांना जाऊन एक वर्ष झालं. सकाळी घरी वंदना झाली, खीरदान झालं, सगळे नातेवाईक आले.

तू आला नाहीस. म्हणून इथे बोलते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विनूदादा म्हणजे माझ्या मोठ्या काकांचा मुलगा. पलासियाला त्याचं कम्प्युटरचं दुकान आहे.

आणि माझे बाबा म्हणजे महूच्या फौजी घरातले, रिटायर्ड क्लार्क, कागदांचे वेडे.

पणजोबांचं फौजेतलं डिस्चार्ज बुक, आजोबांचा शाळेचा दाखला, जुन्या घराचे कागद. हे सगळं काकांच्या घरी एका लोखंडी पेटीत पडलेलं असायचं. बाबा त्यातलं एकेक आणायचे, स्कॅन करायचे आणि परत नेऊन ठेवायचे.

कशाला एवढी मेहनत, असं मी एकदा विचारलं.

"बेटा, आपल्या लोकांना दर पिढीत विचारतात, तुम्ही कुठले. जवाब तयार पाहिजे."

मग त्यांच्या कम्प्युटरचं विंडोज थकलं. एक फाइल उघडेपर्यंत चहा होऊन पिऊनही व्हायचा. बाबांनी सीपीयू चादरीत गुंडाळला आणि ऑटोने तुझ्या दुकानात आणला. घरचंच दुकान, या भरवशावर. मी स्कॅनरची पिशवी धरून मागे उभी होते.

दादा, तू चादर सोडूनही बघितली नाहीस. समोर गिऱ्हाइकं होती.

"काका, ये तो भंगार है. सियागंजच्या बाजारात पण कोणी हात लावणार नाही. आणि मेलेल्या लोकांचे कागद स्कॅन करून करणार काय तुम्ही?"

लोक हसले. तूही हसलास. स्कॅनर तर तू पिशवीतून बाहेरही न काढता ‘मेला’ म्हणून टाकलास.

बाबा चादरीची गाठ नीट करत म्हणाले, "ठीक आहे भिया."

सख्ख्या पुतण्याला भिया. अनोळखी दुकानदाराला म्हणावं तसं.

घरी आल्यावर दोन दिवस ते कम्प्युटरच्या टेबलाकडे फिरकले नाहीत. मला राग आला. माझा राग लवकर जात नाही, हे आईला विचारा.

मी भंवरकुआंच्या एका कोचिंगमध्ये कम्प्युटर लॅब सांभाळते. तिथली म्हातारी मशीन्स आम्ही विंडोजऐवजी लिनक्स या हलक्या, फुकट सिस्टमवर चालवतो. तेच एका पेन ड्राइव्हवर घेऊन घरी आले. आधी बाबांच्या सगळ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवल्या. मग काहीही न पुसता, नुसतं पेन ड्राइव्हवरून चालवून बघितलं.

कीबोर्ड चालला. माऊस चालला.

आणि तू मारलेला तो स्कॅनर, कुठलाही ड्राइव्हर न मागता घरघरायला लागला.

बाबा खुर्ची ओढून बसले. "हा तर जिवंत आहे ग. कर इन्स्टॉल. पण विनूला काही बोलू नकोस."

इन्स्टॉल झालं आणि घोळ झाला. बाबांनी वर्षानुवर्षं ऑफिसातल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या उघडल्या, तर सगळीकडे इंग्रजी अक्षरांचा कचरा. बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गेलं सगळं."

काही गेलं नव्हतं. तो फॉन्ट टाकला, आणि पणजोबांचं नाव जसंच्या तसं समोर आलं. त्या दिवशी बाबा दोन पोळ्या जास्त जेवले.

मग शेवटच्या आजारपणापर्यंत ते रोज त्या कम्प्युटरवर बसले. तुझ्या भंगारावर.

बाबा गेले. दिवाळीला घर रंगवताना तू ती लोखंडी पेटी कागदांसकट रद्दीवाल्याला देऊन टाकलीस. कुणाला विचारलंही नाहीस.

आणि मागच्या महिन्यात तू आमच्या दारात.

तुझ्या मुलाच्या, आयुषच्या जातीच्या दाखल्यासाठी ऑफिसने जुना पुरावा मागितला होता. आपण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, असा. दाखला नाही तर कॉलेजची सीट नाही.

"काकांनी काही ठेवलं असेल ना ग?"

खोटं कशाला बोलू, मी या दिवसाची वाट बघत होते. दोनदा तुला वेळ नाही म्हणून परत पाठवलं. तिसऱ्यांदा तू हात जोडलेस, तेव्हा आत घेतलं. त्याच टेबलासमोर बसवलं आणि म्हटलं, सुरू कर.

मिनिटाभरात सुरू झाला.

"आता सांग दादा, यात भंगार काय आहे?"

 तू खाली मान घालून म्हणालास, "गलती झाली ग."

मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

मग मी बाबांचा फोल्डर उघडला. आत आयुषच्या नावाचा वेगळा फोल्डर होता. मला त्याचा पत्ता नव्हता. डिस्चार्ज बुक, शाळेचा दाखला, घराचे कागद, सगळं नंबर टाकून ओळीने लावलेलं. आणि एक टाइप केलेली चिठ्ठी, माझ्या नावाने. आपण दोघांनी ती बरोबरच वाचली.

"आयुषला कॉलेजच्या वेळी हे लागेल. विनूला मागायला लाज वाटेल, म्हणून तूच नेऊन दे. त्याला हात जोडायला लावू नकोस."

तू रडलास. मी पेन ड्राइव्ह भरून दिला.

त्यातल्या नंबरांवरून जुन्या रेकॉर्डच्या नकला निघाल्या आणि आयुषला दाखला मिळाला. त्या पोराशी माझं काही भांडण नाही, खूप शिकू दे त्याला.

पण दादा, तू बाबांचा अपमान केलास चारचौघांत आणि चूक कबूल केलीस बंद खोलीत. हे मला चालणार नाही. म्हणून आज चारचौघांत लिहिलं.

बाबा, तुमची चिठ्ठी मला उशिरा सापडली, हे खरं.

पण आधी सापडली असती, तरी मी त्याला हात जोडायला लावलेच असते.

तेवढं मला माफ करा.

जय भीम, बाबा.