भुवईचा केस

ओवी, निहार, माझ्या नातवंडांनो, प्रयोगशाळेचं काम मी डोळे अधू झाले म्हणून सोडलं, असं तुम्हाला घरात सांगितलं गेलंय. ते खोटं आहे, आणि ते मीच पसरवलं. आता ओवीही एका प्रयोगशाळेतच नोकरीला लागते आहे, म्हणून खरं लिहून ठेवते.

"हा केस कुणाचा?" काडीच्या टोकाला चिकटवलेला केस बघत आमच्या विभागप्रमुख सरांनी विचारलं.

"माझ्या भुवईचा."

"अहो बाई, प्रयोग बघायला येणारे पाहुणे हात लावणार याला. एखाद्या चांगल्या घरातल्या मुलीचा घ्या."

आणि त्यांनी ती काडी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

मी सांगलीतल्या एका कॉलेजात राखीव जागेवर प्रयोगशाळा सहायक होते. पदवी प्राणिशास्त्राची, तीही इंग्रजीतून. आपली जात सरांना माझ्या कागदपत्रांवरून माहीत होती. इतकी वर्षं ते त्यावर बोलले नव्हते. फक्त माझ्या हातचा चहा घेत नसत.

आमच्याकडे सूत्रकृमी होते. मिलिमीटरभर लांब, आरपार दिसणारे. स्पर्श ओळखणारे त्यांचे मज्जातंतू कातडीखाली अंगभर पसरलेले असतात. कृमी वळवळला की तेही ताणले जातात, वाकतात. तरी तुटत नाहीत, कारण आतून स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी त्यांना धरून असते. हे प्रथिन नसलेले कृमी आम्ही वेगळ्या ताटलीत वाढवत होतो. त्यांचे तंतू नुसत्या वळवळण्यानेच तुटतात. मग स्पर्श कळत नाही.

तपासायची रीत साधी. दात कोरायच्या काडीला भुवईचा एक केस चिकटवायचा, आणि कृमीच्या मानेमागून हलकेच फिरवायचा. धडधाकट कृमी मागे सरतो. स्पेक्ट्रिन नसलेल्याला पत्ताच लागत नाही. केस मऊ हवा, टोकाला निमुळता. माझा तसा होता.

सरांनी निवडलेल्या विद्यार्थिनीच्या भुवया पार्लरमध्ये कोरलेल्या. उपटायला केस सापडेना. तिने डोक्याचा एक केस कात्रीने कापला आणि आखूड करून लावला. मी म्हटलं, "सर, हा ताठ आहे. टोचेल. जोरात टोचलेलं त्यांना दुसऱ्या तंतूंनी कळतं."

"तुम्ही ताटल्या मांडा."

मांडल्या. पाहुण्यांसमोर मुलीने केस लावला, आणि स्पर्श न कळणारे कृमी एकामागून एक मागे सरले. एक पाहुणा हसला. सर माझ्याकडे वळले. "यांनी ताटल्या बदललेल्या दिसतात."

मी कचऱ्याच्या डब्याकडे बघत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी टाइप केलेला कागद आला. ताटल्यांची अदलाबदल माझ्या निष्काळजीपणामुळे झाली, असा मजकूर. खाली सहीची जागा. कागद घेऊन आमचे शिपाई तात्या आले होते.

"करा की सही, ताई. लय ताणू नका."

"ताटल्या बरोबर होत्या, तात्या."

"मला काय कळत न्हाई व्हय? पर सायबाला कोण सांगणार? किड्याच्या पाठीवर फिरवायचा केस, त्यालाबी चांगलं घर लागतंय!" ते हसले. मग त्यांनी दाराकडे बघितलं.

मी पेन उघडलं होतं. पोरांनो, हे लपवणार नाही. तुमची आई तेव्हा कराडला इंजिनीअरिंगला होती, घर माझ्या पगारावर चालायचं. पण एक गोष्ट मी वाचलेली होती. स्पेक्ट्रिन नसलेल्या कृमीला हलूच दिलं नाही, लुळा करून ठेवलं, तर त्याचे तंतू तुटत नाहीत. माझंही तेच चाललेलं. वीस वर्षं हलले नव्हते म्हणून शाबूत होते. आणि याला मी स्वभाव म्हणत होते. शांत स्वभाव.

पेन बंद केलं. कागद तसाच परत दिला.

"सरांना सांगा, मी चुकले नाही."

पुढे काही चांगलं झालं नाही. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीची किल्ली काढून घेतली. निवृत्तीपर्यंत मी तळघरात काचसामान धुतलं. प्रयोगाच्या लेखात माझं नाव नाही. तक्रार दोनदा दिली, दोन्ही वेळा पोच मिळाली, उत्तर नाही. घरी डोळ्यांचं कारण सांगितलं, कारण अपमान सांगायचीही लाज वाटत होती. ती लाज माझी नव्हती, हे कळायला फार उशीर झाला.

यापुढे मी डोळ्यांचं कारण सांगणार नाही. कुणी विचारलं, तर जात सांगेन, सरांचं वाक्य सांगेन, ताटल्या बरोबर होत्या हे सांगेन.

तो कागद अजून कॉलेजच्या फायलीत आहे. सहीची जागा रिकामी आहे.