स्लॅब न घातलेलं घर

माझा नवरा बोटीवर नोकरीला होता. वर्षातले नऊ-दहा महिने तो समुद्रावर आणि उरलेले घरी, असा आमचा संसार. घर मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला, सासऱ्यांनी बांधलेलं. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी, मग ओटी, माजघर आणि सगळ्यात मागे स्वयंपाकघर. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. घरात मी आणि सासूबाई दोघीच. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. आमच्या आळीत ज्यांची माणसं आखातात किंवा बोटीवर होती, त्यांच्या घरांवरची कौलं एकेक करून उतरत होती आणि स्लॅब पडत होते. स्लॅबचं घर म्हणजे सुधारलेलं घर, असं सगळ्यांनीच धरलं होतं. मीही धरलं होतं.

एका जानेवारीत नवऱ्याचं पत्र आलं. सोबत एक आराखडा होता, बोटीवरच्या कुठल्याशा छापील कागदाच्या पाठीवर पट्टीने काढलेला. कौलं उतरवायची, घरभर स्लॅब, बाहेरून जिना, वर एक खोली आणि खोलीपुढे गच्ची. खाली लिहिलं होतं, ‘पावसाच्या आत काम उरकून घे. मी दिवाळीला येतो.’

मी गवंड्याला बोलावलं. साठीचा माणूस, आळीतली निम्मी घरं त्याच्या हातची. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि माजघराच्या भिंतीशी गेला. दोन चिऱ्यांच्या मध्ये थापीचं टोक घालून फिरवलं. भुरुभुरु माती खाली पडली.

“वयनी, ह्या भिंती मातीत रचलेल्या आहेत,” तो म्हणाला. “ह्यांच्यावर स्लॅबचा भार नाय टाकता येणार. स्लॅब हवा तर घर पाडून पायापासून सुरू करायचं.”

“आणि नाहीच पाडलं तर?”

“तर ह्याच घरात काय सुधारता येईल ते बघायचं. पण मग तो स्लॅब विसरा.”

नवऱ्याला विचारायचं तर पत्र कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात जायचं, तिथून पुढच्या बंदरात. उत्तर यायला दीड-दोन महिने. तोवर एप्रिल उजाडला असता आणि घर पाडून पावसाआधी उभं राहिलंच नसतं. आम्ही दोघी जाणार कुठे? मी चार दिवस विचार केला आणि गवंड्याला सांगितलं, घर पाडायचं नाही. नवऱ्याला लिहिलं, ‘काम सुरू केलं आहे. काही अडचणी आहेत, पण मार्ग काढते.’ स्लॅब होणार नाही, हे लिहिलं नाही. पुढच्या पत्रात लिहू म्हणत राहिले आणि शेवटपर्यंत लिहिलं नाही.

काम कुठून सुरू करायचं याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. आमचं स्वयंपाकघर भर दुपारीही काळोखं असायचं. उजेडाला वर एक काचेचं कौल, तेही धुराने तपकिरी झालेलं. सासूबाई पाटावर बसून चुलीपुढे भाकऱ्या थापायच्या आणि पदराने डोळे पुसायच्या. मी गॅस घ्यायचं ठरवलं. कडाप्प्याचा उभा ओटा, शेजारी मोरी आणि घरामागच्या परड्याच्या बाजूच्या भिंतीत एक खिडकी.

“मी काय उभ्याने भाकरी करणार नाय,” सासूबाई म्हणाल्या.

“तुम्ही चुलीवर करा. चूल काढत नाही.”

“मग खिडकी कोणासाठी? मी खाली बसणार, खिडकी डोक्यावर.”

ओट्याच्या उंचीवर खिडकी काढायची, एवढंच मला सुचलं होतं.

खिडकीसाठी भिंत फोडायच्या दिवशी मी शाळेतून लवकर आले. गवंड्याने छपराच्या तुळईला टेकू दिले होते, भिंतीत वरची जाड फळी बसवून झाली होती आणि तो खालचे चिरे सोडवत होता. अचानक भिंतीतून दाणदाण आवाज आला. गवंडी मागे सरला. खिडकीसाठी आखलेल्या चौकटीच्या खालचे पाच-सहा चिरे आपोआप सुटून बाहेर परड्यात पडले होते. आतली माती वाळवीने पोखरलेली. धुरळा बसला तेव्हा भिंतीत जमिनीपासून जेमतेम वीतभर वर सुरू होणारं मोठं भगदाड दिसत होतं.

“कोणाला लागलं नाय ना?” सासूबाई आतून आल्या. गवंडी ओशाळून उभा होता. खालचा भाग उद्याच बांधून देतो, म्हणाला.

सासूबाईंनी पाट ओढला आणि आपल्या रोजच्या जागेवर बसल्या. उजेड त्यांच्या मांडीपर्यंत आला होता. बाहेर विहीर दिसत होती, अळूची पानं दिसत होती, दगडावर वाळत घातलेली फडकी दिसत होती.

“बांधू नकोस,” त्या गवंड्याला म्हणाल्या. “असंच ठेव.”

“काकी, ही खिडकी म्हणायची की दार?”

“तुला काय हवं ते म्हण. मला बसून परडं दिसतंय.”

मग तसंच झालं. वरचा भाग माझ्या ओट्याच्या पातळीला, खालचा त्यांच्या पाटाच्या. लोखंडी गज लावले आणि जनावर आत शिरू नये म्हणून खालच्या भागाला बारीक जाळी. मला चाळीस वर्षांत अशी दुसरी खिडकी दिसलेली नाही.

दुसरं मोठं काम संडासाचं. आमचा संडास परड्याच्या टोकाला होता, पावसात छत्री आणि कंदील घेऊन जायचं. मला तो स्वयंपाकघराच्या मागे, घराजवळ हवा होता. सासूबाईंना हे मान्य नव्हतं. घराला लागून संडास, हा शब्दप्रयोगच त्यांना सहन होत नव्हता. मी यावेळी ऐकलं नाही. मध्ये आठ-दहा हातांची छप्पर घातलेली वाट ठेवली आणि बांधला. त्या आपल्या जुन्या संडासाकडेच जात राहिल्या. आषाढ-श्रावणात पाऊस लागून राहिला, तेव्हा एकदा सकाळी नव्या संडासातली बादली मी भरण्याआधीच भरलेली दिसली. जुना पुढे आपोआप बंद पडला.

बाकी कामं लहान होती. ओटीवर सारवण काढून शहाबादी लाद्या घातल्या. कौलं उतरवून, फुटकी बदलून, वासे नीट करून परत चढवली. भिंतींच्या सांध्यांतली माती खरवडून वरवर सिमेंट भरलं. मे अखेर काम संपवून गवंडी गेला.

दिवाळीच्या चार दिवस आधी नवरा आला. रिक्षातून उतरला आणि बॅग हातात धरूनच छपराकडे बघत राहिला.

“स्लॅब?”

“नाही घातला. भिंती मातीतल्या आहेत. गवंडी म्हणाला—”

तो ऐकायला थांबला नाही. आत गेला, आईच्या पाया पडला, आंघोळ करून जेवला. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. मध्ये एकदा मी त्याला माजघरात पाहिलं. भिंतीला कान लावून बोटाच्या पेरांनी ठोकत होता. मग गवंड्याच्या घरीही जाऊन आला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पडवीत बसला असताना म्हणाला, “त्याचं खरं आहे. भिंती झेपणाऱ्या नाहीत.”

“मग राग कसला?”

“तू लिहिलं नाहीस. मी बोटीवर सगळ्यांना आराखडा दाखवला होता.” मग म्हणाला, “रोज ड्यूटी संपली की मी मनात तो जिना चढायचो. गच्चीत उभं राहिलं की बंदर दिसतंय, असं बघायचो. नऊ महिने नसलेल्या गच्चीत उभा राहिलो मी.”

मला हे माहीत नव्हतं. मला वाटत होतं, त्याला शेजाऱ्यांसारखा स्लॅब हवा आहे. “हे तुम्ही लिहिलं नव्हतंत,” मी म्हणाले.

“असलं काय लिहायचं?”

चूक माझीच होती आणि ती मी कबूल केली. घराबद्दल घेतलेला निर्णय मात्र मला तेव्हाही चुकीचा वाटला नाही, आजही वाटत नाही. शेजारचे स्लॅब गळाले वगैरे काही झालं नाही, तेही सांगायला हवं. त्यांची घरं चांगली उभी आहेत. फक्त उन्हाळ्यात तापतात.

पुढच्या वर्षीच्या सुट्टीत नवऱ्याने सुताराला बोलावलं. आमच्या माळ्यावर नारळ, सुंभ आणि जुनी भांडी पडलेली असायची. ते सगळं खाली आलं. तक्त्यांची जमीन सारखी केली, उभी शिडी काढून आतून लाकडी जिना केला आणि पश्चिमेकडच्या तिकोनी भिंतीत खिडकी बसवली. ती भिंत वरच्या भागात नुसत्या फळ्यांचीच होती, त्यामुळे गवंड्याचं कामच पडलं नाही. तिथून ट्रॉलर आणि बर्फाच्या गाड्या दिसायच्या. कडेला उभं राहता यायचं नाही, वासा डोक्याला लागायचा. नवरा मधोमध खुर्ची टाकून बसायचा.

त्याच सुट्टीत खेडहून बदलून आलेले एक अधिकारी घर शोधत आमच्याकडे आले. आमचं घर विकायचं नव्हतं, भाड्यानेही द्यायचं नव्हतं, पण कोणीतरी त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. नवऱ्याने त्यांना आग्रहाने आत नेलं. मी चहा टाकत होते. तो त्यांना स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी घेऊन आला, जाळी दाखवली, मग माळ्यावर नेलं. लाकडी जिन्यावरून उतरताना त्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

“भिंती मातीतल्या आहेत ना, म्हणून आम्ही कौलं मुद्दामच ठेवली,” तो सांगत होता. “आम्ही दोघांनी बराच विचार केला त्यावर.”

पाहुण्यांनी मान डोलावली. मी चहाचे कप ओटीवर नेऊन ठेवले आणि साखर बरोबर आहे का, एवढंच विचारलं.